सांधेदुखीवर झाडपाला: काय लावायचं, काय घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराला चौदा पायऱ्या आहेत. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आई सातव्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, गुडघे लय दुखून राहिले. तू जा वर, मी बसते इथंच जराशी." त्याआधी सहा महिने ती रोज एक पुडी घेत होती. शेजारच्या काकूंनी सुचवलेल्या एका माणसाकडून आणलेली, कागदात बांधलेली, वर ना नाव ना घटक. "जडीबुटीचं आहे, काही होत नाही," एवढंच सांगितलेलं. पहिल्या चार दिवसांत दुखणं पळालं. आई अंगणात सडा घालायला लागली, आम्ही सगळे खूश. मग चेहरा गोल झाला, हातावर साधं खरचटलं तरी निळे डाग पडायला लागले आणि कधी नव्हे ती साखर वाढली. डॉक्टरांनी चेहरा पाहूनच ओळखलं. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर ते अगदी तळाला गेलेलं. पुडीत स्टेरॉइड होतं. ते एकदम बंद करता येत नाही, म्हणून हळूहळू कमी करत आणण्यात पुढचे चार महिने गेले आणि गुडघे होते तिथेच राहिले.

मी फार्मसी शिकले आहे. लेबल आणि मात्रा वाचायची मला सवय आहे, तरी माझ्या घरात हे झालं. त्यानंतर मी वनस्पतींच्या उपायांकडे नीट बघायला लागले. त्यातले काही उपाय खरोखर उपयोगी आहेत आणि विदर्भात तर हाताशी आहेत. पण कोणत्या दुखण्यावर, किती मात्रेत, किती दिवस, हे ठरवल्याशिवाय घेतलेली वनस्पती म्हणजे पुन्हा ती पुडीच. पुढे जे लिहिते आहे ते याच क्रमाने आमच्या घरी केलेलं आहे. मी डॉक्टर किंवा वैद्य नाही, त्यामुळे निदान त्यांच्याकडूनच करून घ्या.

पहिली पायरी: दुखणं कोणतं ते ठरवा

आपल्याकडे सांधा दुखला की "वात आहे" म्हणून मोकळे होतात. पण त्या एका शब्दात चार-पाच वेगळी दुखणी दडलेली असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलटही असू शकतात.

झिजेचा संधिवात बहुधा पन्नाशीनंतर येतो. गुडघा चढ-उतारात दुखतो, बसल्यावर बरं वाटतं, सकाळी उठल्यावर आखडलेला सांधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. या लेखातले बहुतेक उपाय या दुखण्यासाठी आहेत.

आमवात वेगळा. दोन्ही हातांच्या बोटांचे, मनगटांचे सांधे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, थकवा येतो. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटलेली असते. याला लवकर आणि नियमित औषध लागतं. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात आणि मग कोणतंही तेल ती सरळ करत नाही. आमवाताचं औषध बंद करून झाडपाला घेणाऱ्यांना मला हात जोडून सांगावंसं वाटतं, असं करू नका. तेल, शेक हे सगळं औषधासोबत चालेल, औषधाऐवजी नाही.

पायाचा अंगठा रात्रीतून लाल होऊन पांघरुणाचा स्पर्शही सोसेनासा झाला तर युरिक ॲसिडचा विचार करायचा. चिकनगुनियानंतरचे सांधे हे आपल्या शहराचं वेगळंच दुखणं. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात मोठी साथ आली आणि कितीतरी घरांत लोक महिनोन्‌महिने भिंत धरून चालत होते. त्या दुखण्यात शेक आणि हलका व्यायाम खरंच उपयोगी पडतो. मात्र तापाच्या दिवसांत डेंगू नाही हे ठरेपर्यंत ॲस्पिरिनच्या जातीची कोणतीही वेदनाशामक गोळी मनाने घ्यायची नाही.

दोन गोष्टी खास विदर्भासाठी. लहान मुलाचे किंवा तरुण पोराचे हातपाय, हाडं पुन्हापुन्हा ठणकत असतील, डोळे पिवळसर दिसत असतील, तर आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. सोल्युबिलिटीची साधी चाचणी सरकारी दवाखान्यांत होते. सिकलसेलच्या कळा तेल चोळून जात नाहीत आणि बर्फ लावला तर त्या वाढू शकतात. दुसरं म्हणजे यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथे वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलेल्या माणसाची पाठ आणि सांधे आखडतात. तिथे औषधाआधी पाणी बदलावं लागतं.

सांध्यासोबत ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पायात बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पडल्यावर पाय टेकता न येणं, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाची ओपीडी गाठा. आयुर्वेदाचाच सल्ला हवा असेल तर सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद रुग्णालय आहे. तिथे निदान केस पेपर तरी होतो, काय दिलं ते लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: एक वही घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग "फरक पडला वाटतं" यावर पैसे खर्च होत राहतात. दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं. थंडीत वाढतं, उन्हाळ्यात सुटतं. वही नसेल तर उपायाचं श्रेय आणि ऋतूचं श्रेय वेगळं करता येत नाही.

आईच्या वहीत रोज रात्री तीनच गोष्टी लिहितो: दुखणं शून्य ते दहापैकी किती, वेदनाशामक गोळी घेतली का, आणि त्या दिवशी वेगळं काय झालं (लग्नाला गेली, जमिनीवर बसली, जागरण झालं). आठवड्यातून एकदा खुर्चीची चाचणी. हात छातीशी घडी घालून, हात न टेकता, ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठ-बस होते ते मोजायचं. सुरुवातीला आईचा आकडा चार होता.

काहीही सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद करा. मग एका वेळी एकच उपाय. पोटात घेण्याचं औषध असेल तर त्याला सहा ते आठ आठवडे द्या. हळद, सुंठ, गुग्गुळ, अश्वगंधा असं सगळं एकदम सुरू केलं आणि पोट बिघडलं, तर कशाने बिघडलं ते देवालाही सांगता येणार नाही.

तिसरी पायरी: आधी बाहेरून

वयस्कर माणसासाठी सुरुवात नेहमी लावण्याच्या उपायांनी करावी. त्यांचं पोटात फारसं काही जात नाही, चालू असलेल्या गोळ्यांशी भांडण होण्याची शक्यता कमी असते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त कामी आली ती निर्गुडी. उमरेड-काटोलकडे शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी ही झुडपं मिळतात. जनावरं खात नाहीत म्हणून कुंपणालाही लावतात. एका देठावर तीन किंवा पाच पानं हाताच्या बोटांसारखी पसरलेली, वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगळली की उग्र वास येतो. फुलं बारीक, निळसर-जांभळी, तुऱ्यात येतात. रस्त्याकडेची किंवा सांडपाण्याच्या नाल्यावरची पानं घेऊ नका.

तेल करायचं शास्त्रातलं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: वाटण एक भाग, तेल चार भाग, काढा सोळा भाग. पाव लिटर तीळतेलासाठी मी असं करते. अर्धा किलो पानं धुऊन, चार लिटर पाण्यात मंद आचेवर एक लिटर उरेपर्यंत उकळते आणि गाळते. वेगळी साठ ग्रॅम पानं पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखी वाटते. मग जाड बुडाच्या मोठ्या कढईत तेल, वाटण आणि काढा एकत्र. कढई निम्म्याच्या वर भरू नका, कारण फेस येतो. आच शेवटपर्यंत मंद. तीन-चार तास सहज जातात, आणि मधूनमधून ढवळलं नाही तर वाटण बुडाला लागतं.

तेल झालं हे कसं ओळखायचं? कढईच्या तळाचं थोडं वाटण चमच्यावर काढून निवू द्यायचं आणि दोन बोटांत वळायचं. त्याची सरळ वात वळली, तिला चिकटपणा राहिला नाही आणि ती काडीने पेटवल्यावर चटचट आवाज न करता जळली, म्हणजे पाणी संपलं. चटचट झाली की अजून पाणी आहे, आणि असं तेल बाटलीत बुरशी धरतं. पहिल्यांदा मी घाई केली आणि पंधरा दिवसांत सगळं फेकलं. पाणी संपत आलं की तेलावर फेस चढतो, तेव्हा कढईपासून हलायचं नाही. वात बिनआवाज जळली की लगेच उतरवून, कोमट असताना सुती कापडातून गाळून काचेच्या कोरड्या बाटलीत भरायचं. सहा महिन्यांत संपवायचं, खवट वास आला तर त्याआधीच टाकायचं.

लावताना तेल कोमट करून, गुडघ्याच्या वाटीवर जोर न देता भोवतीने आणि मांडीच्या स्नायूंवर दहा मिनिटं हलक्या हाताने चोळायचं. मग शेक. निर्गुडीची पानं किंवा एरंडाचं पान तव्यावर गरम करून कापडात गुंडाळायचं किंवा पानं उकळलेल्या पाण्यात टॉवेल पिळून ठेवायचा. पंधरा मिनिटं पुरे. यात पानाचा वाटा किती आणि उष्णतेचा वाटा किती हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. उष्णतेने स्नायू सैल पडतात आणि आई रात्री झोपते, हे वहीत दिसतं.

मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाने शेकाची उष्णता स्वतःच्या पायावर कधीच अजमावू नये, दुसऱ्याने कोपरावर पाहावी. भाजलं तरी कळत नाही आणि जखम चिघळते. सांधा लाल, सुजलेला, हाताला गरम लागत असेल तर शेक द्यायचा नाही, थंड पाण्याची पट्टी ठेवायची. आणि मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, दुपारी गरम तेल कुणाला सोसत नाही. आम्ही उन्हाळ्यात तेल रात्री उशिरा लावतो, शेक बंद.

मिरचीचंही सांगते, कारण भिवापूरची मिरची आपल्या जिल्ह्याची. तिखटातलं कॅप्सेसिन दुखण्याचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंना आधी चेतवतं आणि वारंवार लावल्यावर त्यांना थकवतं, त्यामुळे वेदना कमी जाणवते. मज्जातंतूंवरच्या ज्या रिसेप्टरवर ते काम करतं तो टीआरपीव्ही-१ हा १९९७ मध्ये सापडला, आणि त्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. पण म्हणून घरी मिरची वाटून लावू नका, कातडी सोलवटते. औषधाच्या दुकानात ०.०२५ किंवा ०.०७५ टक्क्यांचं कॅप्सेसिन मलम मिळतं. दिवसातून तीन-चार वेळा, निदान तीन आठवडे. पहिला आठवडा जळजळतं, मग उतरतं. लावल्यावर हात साबणाने धुवा, डोळ्यांपासून लांब ठेवा, गरम पाण्याच्या अंघोळीच्या आगेमागे लावू नका. घामाने जळजळ वाढते, म्हणून हा उपाय आपल्याकडे हिवाळ्यातच बरा.

गंधपुऱ्याचं तेल बहुतेक बामांत असतं. त्यात मिथाइल सॅलिसिलेट आहे, म्हणजे ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. थोडं लावायला हरकत नाही. पण त्याचा एक चहाचा चमचा म्हणजे ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्या. लहान मुलाने चुकून प्यायलं तर जीवावर बेततं. हे तेल कुलपात ठेवा. कापूर घातलेल्या तेलांचंही तसंच, कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येतात.

आता ज्याला हात लावायचा नाही ते. बिब्बा. आपल्याकडे अजूनही गावात गुडघ्यावर बिब्ब्याचा डाग देतात. बिब्बा उतला की अंगभर फोड येतात, खाज सुटते, व्रण राहतात. ज्याने हे एकदा पाहिलं तो पुन्हा बिब्ब्याचं नाव काढत नाही. वैद्य शोधन करून देतात ती गोष्ट वेगळी, घरी नाही. रुईचं पान गरम करून बांधतात, त्याचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. निर्गुडी, एरंड हाताशी असताना रुईची काही गरज नाही.

चौथी पायरी: पोटात घेण्याचं

बाहेरचे उपाय दीड-दोन महिने करून वहीत फरक दिसला नाही, तरच इथे या.

सालईपासून सुरुवात करते, कारण तिचं नातं नागपूरशी आहे. मेळघाट, पेंचच्या कोरड्या डोंगरउतारांवर पापुद्र्यासारखी साल सुटलेली जी झाडं दिसतात ती सालई. खोडाला चीर दिली की डिंक येतो, तोच सालई गुग्गुळ. त्यातली बोसवेलिक आम्लं दाह वाढवणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात. गुडघ्याच्या झिजेवर सालईच्या अर्काची चाचणी नागपुरातच, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात म्हणजे आपल्या मेयोत झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३० रुग्ण होते. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, आठ आठवड्यांनी अदलाबदल. अर्क घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्सरेत मात्र काहीच बदल नव्हता. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे: झिजलेली कूर्चा (सांध्यातली हाडांवरची गादी) भरून आली नाही, दुखणं कमी झालं. "कूर्चा परत तयार होते" म्हणणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. ३० माणसं म्हणजे लहान अभ्यास, हेही खरं. नंतरच्या अभ्यासांचा कलही साधारण याच बाजूचा आहे.

त्या चाचणीत ३३३ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा होती. जेवणासोबत घ्यायची, तेलातुपाच्या घासाबरोबर ती जास्त शोषली जाते. काहींना जुलाब किंवा आम्लपित्त होतं. आईला तिसऱ्या आठवड्यात पातळ झाली, आम्ही चार दिवस थांबून दोन कॅप्सूलवर आलो आणि तेवढं सोसलं.

हळदीबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एक चमचा हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम. त्यात कर्क्युमिन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. अभ्यासांत रोज हजार ते दीड हजार मिलिग्रॅम वापरतात. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क आणि १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन चार आठवडे दिलं, तेव्हा गुडघ्याला आराम जवळपास सारखा पडला आणि पोटाच्या तक्रारी अर्काच्या बाजूला कमी होत्या. पण तो अर्क होता. रात्रीचं हळदीचं दूध छान आहे, झोप लागते, त्याला औषधाची मात्रा समजू नका. आणि मात्रा गाठायला दहा चमचे हळद खाऊ नका. हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं, आणि आपल्या उन्हात पाणी कमी पिणाऱ्यांना मुतखडा आधीच सोडत नाही.

हळदीबरोबर काळी मिरी का, तर १९९८ मध्ये बंगळूरच्या अभ्यासात दिसलं की मिरीतल्या पायपरीनने कर्क्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढतं. पण पायपरीन इतर औषधांचंही शोषण वाढवतं, फिट्सच्या फेनिटॉइनसारख्या औषधांचं सुद्धा. आमटीतली मिरी चालेल, पायपरीन घातलेली कॅप्सूल डॉक्टरांना विचारून. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. पित्ताशयात खडे असतील तर अर्क नकोच.

सुंठ घरातलीच. ओलं आलं वाळल्यावर त्यातले तिखट घटक बदलतात आणि दाहावर ते जास्त कामाचे ठरतात. अर्धा चमचा सुंठ गरम पाण्यात, जेवणानंतर, दिवसातून दोनदा. फरक माफक पडतो. छातीत जळजळ होत असेल तर सोडून द्या.

जवस औषध म्हणून नाही, जेवण म्हणून. विदर्भाचं हे रब्बीचं जुनं पीक, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर काम झालेलं. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा ओमेगा-३ चा असतो. शरीर त्यातला थोडाच भाग माशांच्या तेलासारख्या रूपात बदलतं, म्हणून चमत्काराची अपेक्षा नको. जवस मंद भाजून, लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून कुटलेली चटणी रोज दोन चमचे, भाकरीबरोबर. कच्चं जवस मुठीने खाऊ नका, भाजूनच खा, आणि वर पाणी प्या. आठवड्यापुरतीच चटणी करा, लवकर खवट होते.

गुळवेल आणि अश्वगंधेबद्दल मी सावध आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असावी असं म्हटलं. वाद कुणी का जिंको, आमवात किंवा थायरॉइडचा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार असणाऱ्याने प्रतिकारशक्ती चाळवणारी वेल स्वतःच्या मनाने घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. अश्वगंधेने थायरॉइडचे आकडे हलतात आणि यकृताच्या तक्रारीही नोंदल्या आहेत.

डिंकाचे लाडू? हिवाळ्यात खा, जरूर खा. पण गुडघ्यांसाठी म्हणून रोज दोन खाऊन वजन चढवलं तर गुडघ्यांचंच नुकसान. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने उतरतो.

पाचवी पायरी: विकत घेताना

नागपूरच्या इतवारी बाजारात मी पहिल्यांदा गुग्गुळ मागितला तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, जाळायचा पायजे का खायचा?" प्रश्न अगदी योग्य होता. धुपासाठीचा माल भेसळीचा, मातीमिश्रित असतो आणि तो पोटात जायला नको. शिवाय 'गुग्गुळ' हे वेगळ्या झाडाचं नाव, 'सालई गुग्गुळ' वेगळं. खरा गुग्गुळ थायरॉइडच्या आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांमध्ये लुडबुड करतो, आणि ते झाड आता निसर्गात अतिशय धोक्यात आलं आहे. म्हणून घेताना पूर्ण नाव घ्या. डिंकाऐवजी प्रमाणित अर्काची कॅप्सूल घ्या, लेबलवर बोसवेलिक आम्लांचं प्रमाण, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच आणि मुदत पाहा.

हळद पावडर घेण्यापेक्षा हळकुंडं घेऊन दळून आणा. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याची वायगावची हळद जवळच आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे आणि कर्क्युमिनसाठी तिचं नाव आहे. हळकुंड चकचकीत पिवळं नको, मळकट चालेल. चमक आणण्यासाठी लेड क्रोमेट लावतात, त्यात शिसं असतं.

पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. सांधेदुखीच्या निनावी चूर्णांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेले वारंवार सापडले आहेत. खूण अशी: वनस्पती आठवड्यांनी काम करते, स्टेरॉइड दोन-तीन दिवसांत. जी पुडी तिसऱ्या दिवशी माणसाला नाचवते तिच्यावर संशय घ्या. तुमच्या घरात कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर ती एकदम बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं थांबवलेलं असतं आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो.

सहावी पायरी: चालू गोळ्यांशी जुळवा

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा, त्यात तुमची हळदीची कॅप्सूलही असू द्या. रक्त पातळ करणारी औषधं (वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन) चालू असतील तर हळदीचा अर्क, सुंठ, सालई, गंधपुरा या सगळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत रोज मेथीदाणे घेतले तर साखर जास्त उतरू शकते. कोणत्याही शस्त्रक्रियेच्या, दाढ काढायच्या सुद्धा, दोन आठवडे आधी अर्क बंद करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी पोटात घेण्याचं काहीच मनाने घेऊ नये.

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी सगळं थांबवून यकृताची तपासणी.

हे सगळं कशासाठी, तर वेदनाशामक गोळी कमी करता यावी यासाठी. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं रोज घेतल्या तर मूत्रपिंडं जाऊ शकतात, पोटात जखमा होऊ शकतात. हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाच्या मूत्रपिंडाला सवलत मिळेल असं धरून चालू नका.

तेलासोबत व्यायाम

मांडीचा स्नायू कमजोर असेल तर वरचं सगळं अर्धवट राहतं. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, खाली. दहा वेळा, मग दुसरा पाय. सकाळ-संध्याकाळ. तेल लावल्यानंतर, सांधा कोमट असताना केलं तर सोपं जातं. आई सुरुवातीला तीनवर थकायची आणि "आता पुरे कर ना बाई" म्हणायची. मी तीनच करून घ्यायचे, दुसऱ्या आठवड्यात चार.

किती दिवस आणि कधी थांबायचं

आठ आठवड्यांनी वही उघडा. सरासरी आकडा दोनने तरी उतरला का? गोळ्या कमी झाल्या का? खुर्चीची उठ-बस वाढली का? तिन्हींची उत्तरं नाही असतील तर तो उपाय बंद करा, कितीही महाग असो आणि कुणीही सांगितलेला असो. उत्तर हो असेल तर तीन महिने पुरे करून महिनाभर थांबा आणि पुन्हा नोंद पाहा. आम्ही सालई थांबवली तेव्हा सहा आठवड्यांनी दुखणं पुन्हा चढलं, म्हणून आता आई थंडीचे चार महिने ती घेते आणि यकृत-मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून दोनदा होते. हळदीच्या अर्काने तिला काही फरक पडला नाही, तो आम्ही सोडला. रोजची वेदनाशामक गोळी आठवड्यातून दोनवर आली आहे. उठ-बस चारवरून नऊ. चौदा पायऱ्या ती चढते, मध्ये एकदा थांबून.

निर्गुडी दरवेळी बांधावरून आणायची नसेल तर दारात लावा. जुलैमध्ये दोन पाऊस चांगले झाले की पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी तिरपी छाटून, खालची पानं काढून, दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवून लावायची. महिनाभरात फुटवा येतो. पहिलं वर्ष पानं तोडू नका.